मापाबाहेरचं इंजिन

१४ जुलै १९५१. तुम्ही सिल्व्हरस्टोनच्या पिटमध्ये उभे आहात आणि तुमच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहतंय. शेजारच्या लाल गाडीच्या धुराड्यातून मेथॅनॉलचा धूर थेट तोंडावर येतोय. त्याच्या मागोमाग जळक्या एरंडेलाचा वास येतो, कारण या काळात शर्यतीच्या इंजिनांना एरंडेलापासून केलेलं वंगण सर्रास वापरतात. हा ट्रॅक युद्धातला बॉम्बर विमानांचा तळ आहे. तळ मोकळा झाला, धावपट्ट्या आणि भोवतालचा रस्ता तसाच राहिला, आणि आता त्यावर फॉर्म्युला वनच्या गाड्या पळतात.

रुमालाने डोळे पुसा आणि आधी तपासनिसाला गाठा. इथून पुढे पंचाहत्तर वर्षांचा प्रवास आहे. प्रत्येक मुक्कामी या माणसाला एकच गोष्ट विचारायची: तुम्ही काय मोजता? उत्तर मिळालं की गाडीकडे वळायचं आणि तो काय मोजत नाही ते शोधायचं. या खेळातली मोठी इंजिनं बहुतेक तिथेच सापडतात.

१९५१ चा तपासनीस सरळ माणूस आहे. तो फक्त सिलिंडरची जागा मोजतो: पिस्टन वरून खाली येताना जेवढी पोकळी होते तेवढी. सुपरचार्जर असेल, म्हणजे हवा दाबून आत कोंबत असाल, तर १,५०० सीसी. नसेल तर ४,५०० सीसी. संपला नियम.

आता त्या लाल गाडीकडे बघा. अल्फा रोमिओ १५९. मूळ आराखडा १९३७ चा, जोआक्कीनो कोलोंबोच्या हातचा. एका रांगेत आठ सिलिंडर, दोन टप्प्यांत हवा दाबणारा सुपरचार्जर, आणि दीड लिटरच्या इंजिनातून चारशेच्या वर हॉर्सपॉवर. एवढी ताकद आली कुठून, हे तुमच्या डोळ्यांना केव्हाच कळलंय. मेथॅनॉल बाष्प होताना भोवतालची पुष्कळ उष्णता शोषतं. त्यामुळे दाबलेली हवा थंड राहते, सिलिंडर आतून निवतात आणि आणखी दाब देता येतो. मात्र मेथॅनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलच्या निम्मीच, म्हणून ते ओतावं लागतं दुपटीने, शिवाय निववण्यासाठी वर आणखी. आपल्याकडचा नेहमीचा प्रश्न इथल्या मेकॅनिकला विचारून बघा: गाडी ॲव्हरेज किती देते? लिटरला जेमतेम अर्धा किलोमीटर. इंधन किती लागतं हे नियम मोजत नाही, म्हणून अल्फा अक्षरशः पिऊन पळते.

पण ते इंधन वाहून न्यावं लागतं, आणि संपलं की थांबावं लागतं. फांजिओची अल्फा पिटमध्ये आली. मेकॅनिक टाकीवर तुटून पडलेत, घड्याळाचा काटा पुढे सरकतोय, नळीतून मेथॅनॉल आत कोसळतंय. अल्फाला आज असे दोन थांबे लागणार आहेत. पलीकडे फेरारीच्या पिटकडे नजर टाका. ऑरेलिओ लाम्प्रेदीने नियमाचा दुसरा अर्धा भाग उचलला: साडेचार लिटर, बारा सिलिंडर, सुपरचार्जर नाहीच. ताकद थोडी कमी, पण तहानही कमी. एक थांबा पुरतो. होसे फ्रोइलान गोन्सालेस हा अंगाने दणकट अर्जेंटिनी ड्रायव्हर त्या एका थांब्यासाठी आत येतो, गाडीतून उतरतो आणि ज्याची गाडी आधीच बंद पडलीय त्या आल्बेर्तो आस्कारीला आपली जागा देऊ करतो. आस्कारी संघात ज्येष्ठ, आणि तशी रीतच आहे. आस्कारी नको म्हणतो, जा तूच, असं खुणावतो. तुमच्या डोळ्यांदेखत गोन्सालेस पुन्हा गाडीत बसतो आणि ५१ सेकंदांनी शर्यत जिंकतो. जागतिक स्पर्धेतला फेरारीचा हा पहिला विजय.

विश्वविजेतेपद त्या वर्षी फांजिओ आणि अल्फालाच मिळालं, पण कंपनीने ओळखलं की या इंजिनातून आणखी काही निघणार नाही, आणि ती स्पर्धेतून बाहेर पडली. उरलेल्या गाड्यांनी धड रांग भरेना. म्हणून १९५२ आणि १९५३ ची जागतिक स्पर्धा दोन लिटरच्या फॉर्म्युला टूच्या नियमांनी घ्यावी लागली. आस्कारीने ती दोन्ही वर्षं खिशात घातली. १९५४ पासून अडीच लिटर. १९५८ ला मेथॅनॉल बंद, विमानाचं पेट्रोल सक्तीचं.

पुढचा मुक्काम थोड्या वेळाचा आहे. अंगावर बरे कपडे हवेत. १९५८ चा शरद ऋतू, लंडनच्या पॉल मॉलवरचा रॉयल ऑटोमोबाइल क्लब. उंच छताच्या दालनात ब्रिटिश मोटार जगत आनंदात आहे. माइक हॉथॉर्न जगज्जेता झालाय, संघांचं विजेतेपद व्हॅनवॉलने घेतलंय, त्यांचाच हा सोहळा. अशात आंतरराष्ट्रीय संघटनेचे फ्रेंच अध्यक्ष उठतात आणि जाहीर करतात: १९६१ पासून इंजिन दीड लिटरचं. कारण वेग फार वाढलाय. आधी शांतता पसरते, मग कुजबुज आणि मग उघड संताप. ब्रिटिशांना वाटतं, हे टिकणार नाही. मोठ्या इंजिनांची वेगळी स्पर्धा काढायचा घाट ते घालतात आणि त्यात वेळ घालवतात. फेरारी मात्र भांडत बसत नाही, मुकाट्याने दीड लिटरचं व्ही-६ बनवते. १९६१ ला फिल हिल फेरारीतून जगज्जेता होतो. ज्या सुरक्षिततेसाठी इंजिन लहान केलं, तिचं काय झालं? त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मोन्झाला वोल्फगांग फॉन ट्रिप्सची फेरारी प्रेक्षकांवर गेली. तो आणि पंधरा प्रेक्षक ठार झाले. चार-पाच वर्षांत चॅसी आणि टायर इतके सुधारले की दीड लिटरवाले जुन्या अडीच लिटरवाल्यांपेक्षा लवकर फेरी मारू लागले.

तेव्हा १९६६ पासून नियम पुन्हा मोकळा केला: तीन लिटर. त्याच्या शेपटाला एक ओळ होती, सुपरचार्जर असेल तर दीड लिटर. ही ओळ लक्षात ठेवा. बाकीच्यांनी ती वाचून सोडून दिली.

४ जून १९६७ ला हॉलंडच्या झांडव्होर्टला समुद्राची वाळू ट्रॅकवर उडतेय. जिम क्लार्कच्या हिरव्या लोटसच्या पाठीला नवं इंजिन बोल्टांनी जोडलंय, आणि मागचं सस्पेन्शन थेट त्या इंजिनालाच धरलंय. गाडीला मागे वेगळा सांगाडाच नाही. फोर्डच्या एक लाख पौंडांतून कीथ डकवर्थने बनवलेलं हे कॉसवर्थ डीएफव्ही. क्लार्कने ही गाडी या आठवड्याआधी चालवलेलीही नव्हती. तो पहिल्याच शर्यतीत जिंकतो. पुढे हे इंजिन कुणालाही विकत मिळू लागतं आणि छोट्या गॅरेजातले संघ त्याच्या जोरावर फेरारीशी टक्कर घेतात. दीड लिटर सुपरचार्जरची ओळ कुणाला हवीय कशाला? निम्म्या आकाराचं इंजिन आणि डोक्याला ताप.

ती ओळ अकरा वर्षं तशीच पडून राहिली.

१६ जुलै १९७७ ला तुम्ही पुन्हा सिल्व्हरस्टोनला आहात. एरंडेलाचा वास गेलाय, जाहिरातींचे रंग आलेत. रांगेत एकविसाव्या जागी पिवळीधमक गाडी आहे, रेनॉ आरएस०१. चालक झाँ-पिएर झाबुय, तोही अभियंता. तपासनीस आजही पोकळीच मोजतो. दीड लिटर भरली, बरोबर आहे. पण आत जे बसवलंय तो पट्ट्याने किंवा दातऱ्यांनी फिरणारा जुना सुपरचार्जर नाही, टर्बो आहे. धुराड्यातून वाया जाणारा गरम वायू एक चक्र फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र हवा दाबतं. जुना सुपरचार्जर इंजिनाचीच ताकद खायचा, टर्बोचं काम जवळपास फुकटात.

झाबुयच्या कॉकपिटात कल्पनेने बसा. वळणातून बाहेर पडताना पाय दाबा. काहीच होत नाही. गाडी मंद हुंकारते. तुम्ही मनात एक म्हणता, दोन म्हणता, आणि मग ती सगळी ताकद एकदम पाठीत बसते, तोवर पुढचं वळण आलेलं असतं. चक्राला वेग पकडायला लागणारा हा उशीर. म्हणून वळण संपायच्या आधीच पाय दाबायचा, ताकद अजून यायचीय हे धरून. सोळा फेऱ्यांनंतर गाडी पिटमध्ये येते ती टर्बो गेलेला घेऊनच. पुढचे काही महिने ती बहुतेक वेळा धूर सोडतच थांबते. इंग्रज मेकॅनिक तिला पिवळी किटली म्हणतात, हसतात.

हसणं दोन वर्षं टिकलं. १ जुलै १९७९ ला दिजोंला झाबुयनेच फ्रेंच ग्रां प्री जिंकली. मग फेरारी, बीएमडब्ल्यू, होंडा, पोर्शे सगळे टर्बोकडे वळले. नियमाने दीड लिटर मोजलं होतं, पण आतला दाब मोजला नव्हता. बीएमडब्ल्यूने तर साध्या रस्त्यावरच्या गाडीचा चार सिलिंडरचा ब्लॉक घेतला आणि १९८३ ला नेल्सन पिकेला जगज्जेता केलं. १९८६ पर्यंत पात्रता फेरीपुरता दाब वाढवून त्याच इंजिनातून हजाराच्या कितीतरी वर हॉर्सपॉवर काढत होते. दोन-तीन फेऱ्या, मग इंजिन भंगारात.

नियमकर्त्यांनी दाब न मोजता आधी इंधन मोजायला घेतलं. १९८४ ला शर्यतीत इंधन भरायची बंदी आली, आणि टाकी २२० लिटरची. तुम्हाला अंदाज आलाच असेल, पुढे काय झालं. लिटर हे आकारमानाचं माप. द्रव थंड केला की आकसतो. काही संघांनी शर्यतीआधी इंधन पार थंडगार करून भरायला सुरुवात केली, म्हणजे त्याच २२० लिटरांत थोडं जास्त मावेल.

तरी ते पुरत नाही. बघायला ५ मे १९८५ ला इमोलाला चला. हा मुक्काम जरा सावकाश बघा.

साठ फेऱ्या, तीनशे किलोमीटर, २२० लिटर. लिटरला दीड किलोमीटरही पडत नाही. चालकाच्या हाताशी टर्बोचा दाब वाढवणारी एक खुंटी आहे. ती फिरवली की ताकद मिळते, पण इंधनाचा काटा पळतो. म्हणजे आजची शर्यत त्या खुंटीवर आहे. काळी-सोनेरी लोटस घेऊन आयर्तोन सेना सुरुवातीपासून पुढे आहे. सत्तावन्नाव्या फेरीत तुम्ही कुंपणाला रेलून त्याची वाट बघताय. आवाज येतो, पण अर्धवट. इंजिन खोकतं आणि बंद पडतं. लोटस नुसत्या गतीने घरंगळत बाजूला जाते. तेवढ्यात इटालियन प्रेक्षकांचा गलका उठतो, कारण आता स्टेफान योहान्सनची फेरारी पहिली आहे. पंधराव्या जागेवरून निघालेला हा माणूस इमोलात, फेरारीत बसून, पहिला! गलका अर्धी फेरीच टिकतो. फेरारीचीही टाकी कोरडी.

ॲलॅन प्रॉस्टची मॅकलॅरेन रेषा ओलांडते, आणि विजयानंतरच्या संथ फेरीत तीही थांबते. तिएरी बूत्सेन आपली बंद पडलेली ॲरोज ढकलत रेषेपार नेतो. मग वजनकाटा. प्रॉस्टची गाडी ५४० किलोच्या मर्यादेला दोन किलो कमी भरते. पहिला क्रमांक गेला. विजेता म्हणून नाव पुकारलं जातं एलिओ दे आंजेलिसचं, आणि ढकलत आलेला बूत्सेन दुसरा ठरतो. आज तपासनिसाकडे तीन मापं होती: पोकळी, लिटर आणि किलो. त्यांच्यातल्या भांडणात शर्यतीचा निकाल लागला.

१९८७ ला अखेर दाब मोजायला सुरुवात झाली. ४ बारची मर्यादा ठरली, प्रत्येक इंजिनाला झडप बसवली. १९८८ साठी २.५ बार आणि १५० लिटर. पुढच्या वर्षी टर्बो बंदच होणार होते, त्यामुळे हे वर्ष त्यांना हळूहळू संपवायचं होतं. होंडाच्या गॅरेजात वाकून इंधनाचा वास घ्या. पेट्रोलचा वाटत नाही ना? रंगकामाच्या थिनरचा आहे. पिंपात ८४ टक्के टोल्युईन आहे, तेच जे थिनरमध्ये असतं. ते पेट्रोलपेक्षा जड, म्हणून तेवढ्याच लिटरमध्ये ऊर्जा जास्त. नियमाने इंधनाचा ऑक्टेन १०२ च्या वर नको असं म्हटलंय, आणि टोल्युईनचा त्याहून बराच वर जातो. म्हणून उरलेले १६ टक्के नॉर्मल हेप्टेन. त्याचा ऑक्टेन शून्य. मुद्दाम हलकं द्रव्य घालून आकडा बरोबर १०२ वर आणलाय. टोल्युईनचं सहज बाष्प होत नाही म्हणून ते इंजिनात जाण्याआधी तापवतात. चार वर्षांपूर्वी इंधन गार करत होते, आता गरम करतायत, आणि दोन्ही वेळा नियम लिटरचाच. मॅकलॅरेन आणि होंडाने त्या मोसमात सोळापैकी पंधरा शर्यती जिंकल्या. टर्बोंना हळूहळू संपवायचा बेत होता, तो असा पार पडला.

पुढची वर्षं वेगाने जाऊ देत. १९८९ ला साडेतीन लिटर, टर्बो नाही. मे १९९४ ला इमोलातच सेनाचा मृत्यू, आणि १९९५ पासून तीन लिटर. आता फक्त पोकळीच मोजत असल्यामुळे ताकद एकाच वाटेने वाढू शकत होती: त्याच वेळात इंजिनाचे जास्त फेरे. त्या वेगाला धातूची स्प्रिंग झडप वेळेवर बंद करू शकत नव्हती. रेनॉने १९८६ लाच स्प्रिंगच्या जागी दाबलेली हवा वापरून बघितली होती. आता तीच युक्ती सगळ्यांकडे होती, आणि व्ही-१० इंजिनं मिनिटाला १९,००० फेऱ्यांच्या आसपास पोचली. २००४ ला मोन्झाला हुआन पाब्लो मोंतोयाने ताशी सरासरी २६२ किलोमीटर वेगाने फेरी मारली. २००६ पासून २.४ लिटरचं व्ही-८, मग आराखडा गोठवला, आणि इंजिनाच्या फेऱ्यांवर मिनिटाला १८,००० ची मर्यादा आली.

या टप्प्यावर तुमच्यापैकी काहींनी तिकीट काढून हजेरी लावली असेल. ३० ऑक्टोबर २०११, ग्रेटर नोएडा, बुद्ध इंटरनॅशनल सर्किट. पुण्या-मुंबईहून विमानाने आलेली मंडळी कानात बोळे घालून बसलीत, काहींनी ते काढून टाकलेत. आठ सिलिंडर, मिनिटाला अठरा हजार फेऱ्या, प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतं. सेकंदाला बाराशे स्फोट. इतके की कानाला त्यातला एकही वेगळा कळत नाही, एक अखंड किंचाळी ऐकू येते आणि छातीचा पिंजरा थरथरतो. सेबास्टियन फेटल जिंकतो. नारायण कार्तिकेयनची एचआरटी मागे असली तरी त्याच्या प्रत्येक फेरीला स्टँड उभा राहतो. इथे तीनच वर्षं शर्यत झाली, २०१३ पर्यंत. भारताने घरच्या मैदानावर व्ही-८ चे शेवटचे दिवस ऐकले.

आणि २०१४ ला मेलबर्नच्या आल्बर्ट पार्कात लोक कानाला हात लावायला जातात आणि थांबतात. बोळ्यांची गरजच नाही. टायर करकचताना ऐकू येतायत, लाऊडस्पीकरवरचा माणूस ऐकू येतोय. खालच्या पट्टीतली घरघर. संयोजक रागावलेत, जुने चाहते रागावलेत. थोड्याच आठवड्यांत बार्सिलोनाच्या चाचणीत मर्सिडीजच्या धुराड्याला तुतारीसारखा भोंगा बसवून आवाज वाढतो का बघतील. नाही वाढणार.

तपासनिसाकडे जा, आवाज कुठे गेला ते तो सांगेल. इंजिन १.६ लिटरचं व्ही-६ टर्बो, जोडीला वीज. फेऱ्यांची मर्यादा १५,००० आहे, पण तो आकडा दिखाऊ. खरं माप टाकीच्या आत बसवलेलं आहे: इंधनाच्या प्रवाहावर सतत नजर ठेवणारं अल्ट्रासॉनिक मीटर. ताशी १०० किलोपेक्षा जास्त इंधन जाता कामा नये, आणि पूर्ण शर्यतीला १०० किलो. म्हणजे सेकंदाला २८ ग्रॅमही नाही. ही कमाल १०,५०० फेऱ्यांनाच मिळते, त्यापुढे फेरे वाढवले तरी इंधन तेवढंच. मग उगाच कोण पळवेल? म्हणून आवाज बसला. किलो मोजत असल्याने इंधन गार करा की जड करा, काही फायदा नाही. आता एकच वाट: त्याच थेंबातून जास्त काम काढा.

नियमाचा चटका किती बसतो ते संध्याकाळी कळतं. घरच्या प्रेक्षकांसमोर डॅनियल रिकार्डो दुसरा आला, हात उंचावले, सगळ्या शहराने टाळ्या वाजवल्या. काही तासांनी तो बाद. प्रवाहाने मर्यादा ओलांडली. रेड बुल म्हणतं, मीटरच चुकतंय, आमचा हिशेब बरोबर आहे. पंच म्हणतात, मीटर आमचं आहे. एप्रिलमध्ये पॅरिसला अपील फेटाळलं गेलं. जो मोजतो, आकडाही त्याचाच खरा धरला जातो.

मर्सिडीजने आपल्या टर्बोची दोन चक्रं लांब केली, हवा दाबणारं इंजिनाच्या पुढे, धुराने फिरणारं मागे, मधून एक लांब दांडा. त्यावर बसवलेली मोटर टर्बोला आधीच फिरतं ठेवते, म्हणून झाबुयचा तो एक-दोनचा उशीर संपला. उलट जास्तीचा धूर आला की तीच मोटर वीज बनवते. त्या वर्षी एकोणीसपैकी सोळा शर्यती त्यांच्या. २०१७ ला ब्रिक्सवर्थच्या चाचणीघरात त्यांच्या इंजिनाने इंधनातल्या अर्ध्याहून जास्त ऊर्जेचं काम करून दाखवलं. रस्त्यावरच्या साध्या पेट्रोल इंजिनाची मजल तृतीयांशाच्या आसपास असते. २०१८ ला मोन्झाला किमी रायकोनेनने मोंतोयाचा चौदा वर्षांचा विक्रम मोडला. तीन लिटरच्या त्या किंचाळणाऱ्या व्ही-१० पेक्षा हे घरघरणारं दीड-पावणेदोन लिटरचं यंत्र वेगवान ठरलं. नियमांनी इंजिनं मारली ही तक्रार तुम्ही प्रत्येक मुक्कामी ऐकलीत. आवाज मारला, हे खरं. वेग कधीच फार काळ मारला गेला नाही.

शेवटचा मुक्काम २०२६. १.६ लिटरचं व्ही-६ तेच, पण टर्बोवरची ती मोटर गेली. महाग, बनवायला अवघड, आणि रस्त्यावरच्या गाडीत तिचा काही उपयोग दिसेना. ती गेल्याने ऑडीसारख्यांना यायची वाट मोकळी झाली. चाकांकडची विजेची मोटर मात्र १२० किलोवॅटवरून ३५० वर गेली. ताकद जवळजवळ अर्धी पेट्रोलची, अर्धी विजेची. पेट्रोलही जमिनीतून काढलेलं चालत नाही, शाश्वत मार्गाने बनवलेलं लागतं. वेग ताशी २९० किलोमीटरच्या पुढे गेला की नियमच एरवी विजेचा जोर उतरता करतो, त्यामुळे कुठे ओतायचं आणि कुठे साठवायचं याचं गणित चालकाच्या डोक्यात सतत चालू असतं. इमोलाची खुंटी आठवतेय ना, तोच हिशेब फेरीगणिक.

आणि माप? तपासनीस आता इंधन किलोत मोजत नाही. इंधनातली ऊर्जा मोजतो, ताशी ३,००० मेगाजूल. किलो मोजत होते तेव्हा रसायनतज्ज्ञांनी किलोमागे जास्त ऊर्जा भरली, म्हणून ही पुढची पायरी. पोकळी, लिटर, बार, फेरे, किलो आणि आता थेट ऊर्जा. पंचाहत्तर वर्षांत मापकाठी इंजिनाच्या बाहेरून आत, अगदी जळणाऱ्या थेंबापर्यंत पोचली. यापलीकडे मोजायला काय राहिलं?

राहिलं की. नव्या नियमात सिलिंडरमधलं मिश्रण सोळा पटींपेक्षा जास्त दाबता येत नाही, आधी अठरा पट चालत होतं. जास्त दाबलं की त्याच इंधनातून जास्त काम निघतं, म्हणून ही अट. पण मोसम सुरू व्हायच्या आधीच पॅडॉकमध्ये वाद पेटला. हे प्रमाण तेव्हा मोजायचं होतं ते थंड इंजिनावर, आणि शर्यत पळते ती तापलेल्या. धातू तापला की प्रसरण पावतो. समजा एखादं इंजिन गार असताना सोळाचं भरलं आणि गरम झाल्यावर त्याहून जास्त झालं, तर ते नियमात की नियमाबाहेर? १९८४ चा गारवा आणि १९८८ ची ऊब ज्यांनी बघितली त्यांना या प्रश्नाचं नवल वाटणार नाही. तापमानही मापात येणारच. तेव्हा ब्रिक्सवर्थ, मारानेल्लो, मिल्टन कीन्स आणि साकुरा इथल्या इंजिन-कारखान्यांतले अभियंते नियमाची पहिली प्रत हातात पडल्या पडल्या त्यात काय लिहिलंय ते एकदा वाचतील, आणि काय लिहायचं राहिलंय ते शंभरदा.